पाच नंबरच्या टाकीची बाटली

निरीक्षकांनी टाकीत सोडलेला डबा वर आलाच नाही. वर आला तो नुसता दोर, तोही अर्धा, आणि त्याच्या टोकातून धूर निघत होता.

"दोरच कच्चा होता साहेब," कारखान्याचा मॅनेजर म्हणाला. "आत काय, पाणी आहे. जरासा रंग असेल."

जरासा रंग! टाकीतलं ते काळंजांभळं प्रकरण मधूनमधून ढेकर देत होतं आणि मॅनेजर नाकाला रुमाल लावून हे सांगत होता. निरीक्षकांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. चार वर्षांत चार वेळा ते इथे आले होते. दर वेळी फाटकावरून आत वर्दी जायची, ऑफिसात चहा यायचा, आणि चहा संपेपर्यंत टाकीत स्वच्छ पाणी खळाळत असायचं. या खेपेला चहाला हात न लावता ते मागच्या दाराने थेट टाकीवर येऊन उभे राहिले होते.

उद्या अकराला कारखान्याच्या परवान्याची बैठक होती. विरोधात एकही कागद नसेल तर पुढची पाच वर्षं यांना रान मोकळं. आणि मागच्या नाल्याकाठी निरीक्षकांची सख्खी मोठी बहीण राहत होती. तिच्या बोअरच्या पाण्यात धुतलेले पांढरे कपडे वाळेपर्यंत पिवळे पडत. "तू एवढा साहेब झालास," ताई दर भेटीत सुनवायची, "पण माझी एक चादर काही पांढरी होईना."

शेवटी लांब दांड्याच्या स्टीलच्या पळीने नमुना निघाला. काचेची बाटली, बूच, वर लाख, लाखेवर शिक्का. चिठ्ठीवर टाकीचा नंबर, तारीख, वेळ आणि दोघांच्या सह्या.

"मी फक्त बाटली भरल्याची सही करतोय हं," मॅनेजर म्हणाला. "आत काय आहे त्याची जबाबदारी माझी नाही."

"मग कोणाची? माझी? मी घरून आणलं का हे?"

मॅनेजर नुसता हसला. प्रयोगशाळेची खिडकी त्याला ठाऊक असावी.

त्या खिडकीतल्या बाईंनी निरीक्षकांपुढे फॉर्म सरकवला. 'पदार्थ घातक आहे काय?' निरीक्षकांनी 'होय'वर ठसठशीत खूण केली. बाईंनी खुर्ची दोन हात मागे ओढली.

"घातक पदार्थ इमारतीत आणायला बंदी आहे. नवीन परिपत्रक आलंय."

"अहो, ही प्रयोगशाळा आहे ना?"

"म्हणूनच तर! आत केवढी महागाची यंत्रं आहेत."

"बरं, मग 'नाही'वर खूण करतो."

"घातक नाही तर तपासायचं कशाला?"

"पण तपासल्याशिवाय घातक आहे हे कळणार कसं?"

"इश्श! तुम्हीच तर आत्ता खूण केलीत."

निरीक्षकांना खिडकीच्या गजांवर डोकं आपटावंसं वाटलं. "ठीक आहे. नमुना घेतला नाही असं लिहून द्या."

"लिहून द्यायचा अधिकार मोठ्या मॅडमना. त्या रजेवर आहेत." बाईंनी परिपत्रकाचं पान उलटलं. "असा माल मान्यताप्राप्त गोदामात जमा करायचा. जमेची पावती आणा, मग आमची गाडी जाऊन घेऊन येईल. चार-पाच दिवसांत."

मान्यताप्राप्त गोदामांची यादी बाईंनी दाखवली. यादीत एकच गोदाम होतं, आणि ते त्याच कारखान्याचं होतं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात त्या अशा! पण नियम मोडून बाटली घरी नेली, तर उद्या कारखान्याचा वकील तेवढ्यावरच केस उडवणार. पावती मिळाली तर निदान बैठक पुढे ढकला म्हणता येईल. जीपच्या ड्रायव्हरने तर आधीच हात वर केले होते. "साहेब, ही बाटली उतरवल्याशिवाय मी गाडी घरी नेणार नाही. सीटचं रेक्झिन बघा कसं सुरकुतलंय."

कारखान्यात परत आले तेव्हा मॅनेजर खुशीत घरी गेला होता. गोदामावर गोदामपाल होता. नीटनेटका, चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला, निवृत्तीला सहा महिने उरलेला. त्याने चिठ्ठी वाचली आणि तो ताडकन उठला.

"पाच नंबर? माझ्या गोदामात? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

"तुमच्याच कारखान्याचं आहे."

"असेना! त्याचा एक थेंब मी उंबऱ्याच्या आत येऊ देत नाही. एकदा ठेवून बघितलं. तीन दिवसांत पिंपांचे तळ गेले, खालची फरशी गेली. म्हणून तर रोज संध्याकाळी परस्पर नाल्यात सोडतात ते. आणि तुम्ही, सरकारी माणूस, ते उलट आत आणताय? जबाबदारी म्हणून काही असते की नाही?"

दिवसभर तावातावाने बोलून निरीक्षकांचा घसा बसला होता. आता आपल्याहून संतापलेला माणूस बघून ते एकदम थंड झाले.

"नियमाप्रमाणे तुम्हाला घ्यावं लागेल," ते अगदी मऊ आवाजात म्हणाले.

"नाही घेणार!"

"मग तसं लिहून द्यावं लागेल."

"देतो की! भितो काय कोणाच्या बापाला?"

गोदामपालाने कारखान्याचं नाव छापलेला कागद काढला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'पाच नंबरच्या टाकीतील द्रव अत्यंत विषारी असून पिंपे व फरशी खातो. सबब तो गोदामात न ठेवता दररोज नाल्यात सोडण्यात येतो. सोबतची बाटली स्वीकारता येत नाही.' खाली सही केली, शिक्का मारला, तारीख आणि वेळ घातली.

निरीक्षकांनी कागद दोनदा वाचला, घडी केली आणि शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला. एवढ्या नम्रपणे त्यांनी चार वर्षांत या कारखान्यात कोणाला नमस्कार केला नव्हता.

पण गोदामपालाचा राग उतरला नव्हता. "नमस्कार करून सुटाल असं समजू नका. याची एक प्रत उद्या तुमच्या मोठ्या साहेबांना जाणार आहे. तुमची तक्रार म्हणून!"

"अवश्य पाठवा," निरीक्षक म्हणाले. "फक्त अकराच्या आत पोचेल असं बघा."