बावीस पौंडी मासा

कॉलेजात चित्रकला शिकवणाऱ्या हेस्टरबाईंनी ब्रायोनीच्या प्रत्येक कामावर पहिल्या वर्षापासून एकच शेरा मारला होता: ‘नीटनेटकं.’ त्यापेक्षा चार शिव्या हासडल्या असत्या तरी पोरीला बरं वाटलं असतं. छाप्यासाठी लिनोलियमचा तुकडा कोरताना तिने दोन बोटं कापून घेतली. बाईंनी छापा उजेडात धरला आणि म्हणाल्या, “नीटनेटकं आहे.” जुनी वर्तमानपत्रं, बसची तिकिटं, आईचे शिवणकामाचे कागद असं काय काय चिकटवून तिने कोलाज केलं. “हेही नीटनेटकंच.” शेवटी तिने शाई, मेण, वाळू आणि चहाचं पाणी एकाच कागदावर ओतलं, तेव्हा बाईंनी नुसता उसासा टाकला. पुस्तकांसाठी चित्रं काढायला शिकवणारा तो अभ्यासक्रम. तिथून नापास होऊन बाहेर पडलं तर बापाच्या हाताखाली नळ दुरुस्त करायला जावं लागणार, हे ब्रायोनीला स्वच्छ दिसत होतं.

ईस्टरच्या सुट्टीआधी बाई म्हणाल्या, “एक छापा करून आणा. यंत्र नको, कोरणं नको. एखादी खरी वस्तू घ्या, तिला शाई फासा, वर कागद ठेवा आणि हाताने चोळा. आणि ब्रायोनी, कृपा करून थोडी घाण कर.”

ईस्टरच्या शनिवारी सकाळी नऊ वाजता ती खरी वस्तू आपल्या पायांनी म्हणावी तशी घरात आली. ब्रायोनीचा बाप रसेल पहाटेच होडी घेऊन समुद्रावर गेला होता, तो गॅरेजच्या दारातून ओरडतच शिरला. “लॉरेन! अगं, बाहेर ये! बघ काय आणलंय!”

बर्फाच्या पेटीत एक गुलाबी, जाडजूड स्नॅपर मासा पडला होता. लॉरेन हात पुसत आली. “मोठा आहे,” ती म्हणाली. अठरा वर्षांत तिने हेच वाक्य अठरा वेळा म्हटलं होतं.

“मोठा? बावीस पौंडांचा आहे! गुंजभर जास्तच!”

“वजन केलंस?”

“घरी वजन करत नसतात. अपशकुन होतो.”

न्यूझीलंडमधल्या फांगारेईच्या मासेमारी क्लबात दर ईस्टरला सर्वात मोठ्या माशाला कप मिळे. रसेल अठरा वर्षं त्या कपामागे होता आणि अठरा वर्षं दुसरा, तिसरा, एकदा तर अकरावा येत होता. क्लबाचा अध्यक्ष टामाती पाच वेळा जिंकला होता आणि दर वेळी रसेलच्या पाठीवर थाप मारून “पुढच्या वर्षी नक्की, रस” असं म्हणत होता. ती थाप रसेलला फार झोंबायची. आज चार वाजता क्लबात वजन होणार होतं. पहाटे तीनपासून जागा असलेला रसेल पेटीचं झाकण लावून झोपायला गेला आणि पाचव्या मिनिटाला घोरू लागला.

ब्रायोनीने झाकण उघडलं. खवले, पाठीवरचे उभे काटे, पंख्यासारखी शेपटी. कोरणं नाही, यंत्र नाही. तासाभराचं तर काम, मग धुऊन परत ठेवायचा. कुणाला कळणार होतं?

तिने मासा मिठाने चोळून बुळबुळीतपणा काढला. कागद ओला होऊ नये म्हणून तोंडात आणि कल्ल्यांत कापूस कोंबला, पर टाचण्यांनी ताणून बसवले आणि काळी शाई फासली. वर ओलसर पातळ कागद ठेवून ती बोटांनी हळूहळू चोळत गेली. मग तिने कागद अलगद उचलला. एकेक खवला उमटला होता. मासा आत्ता कागदावरून सुळकन निघून जाईल असं वाटत होतं. एका बाजूला शाईचा ओघळ आला होता, तिच्या अंगठ्याचे ठसे पडले होते, आणि तेसुद्धा छान दिसत होते! त्या आनंदात तिने आणखी दोन छापे काढले.

मग ती मासा धुवायला बसली. शाई तेलाची होती, भांड्याच्या साबणाने ती जाते कुठली! गरम पाणी घातलं तर कातडी सुरकुतली. टर्पेंटाइन लावलं तर शाई थोडी निघाली आणि सोबत मूठभर खवलेही निघाले. दुपारी अडीचला तिच्यासमोर राखाडी, टक्कल पडलेला आणि रंगाच्या दुकानाचा वास मारणारा एक मासा पडला होता. तिने तो ओल्या गोणपाटात गुंडाळला, बर्फात पुरला आणि पोटात दुखत असल्याचं जाहीर केलं.

“अठरा वर्षांनी बाप जिंकतोय आणि आज तुझं पोट दुखतंय?” रसेल म्हणाला. “गाडीत बस मुकाट्याने.”

क्लबाच्या धक्क्यावर शंभरेक माणसं जमली होती. टामातीचा मासा एकोणीस पौंड भरला होता, तोवर तोच पहिला होता; त्याच्यामागचे दोघे अठरा आणि सतरावर होते. रसेलने पेटी टेबलावर ठेवली, सगळ्यांकडे एकदा डोळे भरून पाहिलं आणि गोणपाट ओढलं.

पुढचे दोघे नाक धरून मागे सरकले. मग मागून एक जण म्हणाला, “रस, हा समुद्रातून काढलास की चुलीतून?”

टामातीने वाकून वास घेतला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. क्लबाच्या नियमाप्रमाणे त्याने माशाच्या तोंडात दोन बोटं घातली. वजन वाढवायला माशाच्या घशात शिसं कोंबणारा एक महाभाग पूर्वी होऊन गेला होता, तेव्हापासूनचा तो नियम. बोटांना काहीतरी लागलं. त्याने ओढलं. कापूस निघाला. आणखी ओढलं, आणखी निघाला. निघतच राहिला.

“रस,” टामाती हळूच म्हणाला, “अरे, हे काय केलंस?”

रसेलचा चेहरा पांढराफटक पडला. त्या क्लबात बायको पळून गेली तर माणसाला लोक बिअर पाजत, पण मासा भरून आणला तर त्याच्याशी जन्मभर बोलत नसत. ब्रायोनीला ते बघवेना. ती पुढे झाली आणि तिने काळेकुट्ट तळवे सगळ्यांना दाखवले. “कापूस मी घातला. मी त्याचा छापा काढला. बाबाला काही माहीत नव्हतं.”

“छापा?”

“कॉलेजसाठी.”

शंभर माणसांनी एकदम ‘अरेरे’ केलं. ते अरेरे रसेलसाठी होतं. पण नियम तो नियम, छेडछाड झालेला मासा काट्यावर चढत नाही. राखाडी मासा आमिषाच्या डब्यात गेला आणि कप सहाव्यांदा टामातीकडे गेला. लोकांनी मात्र संध्याकाळभर रसेललाच बिअर पाजली.

“बावीस पौंड होता,” तो पहिल्या ग्लासाला म्हणाला.

“चोवीस तरी असेल,” चौथ्या ग्लासाला म्हणाला.

त्या दिवसापासून ब्रायोनीच्या नशिबी होडी आली. दर रविवारी होडी धुवायची, आमिष कापायचं, बापाच्या रबरी बुटांतली वाळू झटकायची. रसेल ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता खिन्न हसायचा आणि घरी आलेल्या प्रत्येकाला सांगायचा, “ही आमची ब्रायोनी. हिनेच माझा मासा घालवला.” गॅसवाल्याला सांगितलं, दंतवैद्याला सांगितलं. आजीला फोनवर सांगितलं तेव्हा मासा सव्वीस पौंडांचा झाला होता. तो कागद मला या घरात दिसता कामा नये, असं त्याने बजावलं होतं. पोरीला अपराधी वाटायचंच. एवढा मोठा कप, एवढी वर्षं, आणि आपण त्याला शाई फासली! ती निमूटपणे होडी घासत राहिली.

तिकडे हेस्टरबाईंनी पहिला छापा पाहिला होता आणि तो खिडकीशी उजेडात नेला होता. मग म्हणाल्या, “हं. हा छापा.” एवढंच. पण सायकल आपोआप चालतेय असं वाटतच ब्रायोनी घरी आली होती. वर्षअखेरीला वाचनालयाच्या दालनात प्रदर्शन भरायचं होतं, तिथे मधल्या भिंतीवर तोच लावायचं बाईंनी ठरवून टाकलं आणि तोवर तो आपल्या खणात ठेवून घेतला.

नोव्हेंबरात चौकटीसाठी माप घ्यायची वेळ आली, तेव्हा छापा त्यानंतर पहिल्यांदाच तिच्या हातात आला. तिने नाकापासून शेपटीपर्यंत पट्टी लावली. एकाहत्तर सेंटिमीटर. घरी फ्रिजवर क्लबाचा तक्ता चिकटवलेला होता, इतक्या लांबीचा स्नॅपर इतक्या वजनाचा. तिने एकाहत्तरवर बोट ठेवलं आणि ओळ वाचली. तीनदा वाचली. पंधरा पौंड.

पंधरा! टामातीचा एकोणीस. म्हणजे बाबा तिसरासुद्धा आला नसता! आणि आपण सात महिने होडी घासतोय!

रसेल सॉसेज खात होता. तिने छापा त्याच्यासमोर ताटाशेजारी पसरला आणि त्यावर पट्टी आपटली. “मोज.”

त्याने मोजलं नाही. नुसतं पाहिलं आणि त्याचे कान लाल झाले. “ओला कागद वाळला की आटतो,” तो म्हणाला. “तूच सांगितलं होतंस.”

“अर्धा सेंटिमीटर आटतो, बाबा. सात पौंड नाही आटत!”

“तुझं माप चुकलं असेल.”

“माप कसलं? मासा होता तसा उमटलाय. तुला माहीत होतं. उचललास तेव्हाच तुला माहीत होतं!”

लॉरेनने ताट उचललं. “मलाही माहीत होतं,” ती म्हणाली. “पण विचारलं कुणी मला?”

रसेलने पट्टी उचलून बाजूला ठेवली. मग आयुष्यात पहिल्यांदा पोरीशी हळू आवाजात बोलला. “क्लब सगळा प्रदर्शन बघायला येणार आहे, ब्रायोनी. मीच बोलावलंय. टामातीच्या खिशात कायम टेप असतो. तो मोजल्याशिवाय राहायचा नाही.”

“मग मी काय करू?”

“तू वर्षभर कापाकापी, चिकटवाचिकटवीच करतेस ना? मग एकदा माझ्यासाठी कर. दहा सेंटिमीटर. जास्त नको. सव्वीस मी गमतीत म्हणायचो, बावीसपुरतं कर.”

ती नाही म्हणाली. दोन दिवस नाहीच म्हणत होती. तिसऱ्या दिवशी तिने त्याला गॅरेजमध्ये रिकाम्या बर्फाच्या पेटीवर बसलेलं पाहिलं. बाप म्हणजे काय शत्रू असतो? तिने धारदार पातं घेतलं आणि स्वतःच्या हातून आजवर झालेलं एकमेव खरं चित्र मधोमध चिरलं. चिरताना ती चक्क रडली.

दुसऱ्या छाप्यातून तिने पाठीच्या काट्यांपासून पोटापर्यंतचा पट्टा कापला, मध्ये बसवला, खवल्याला खवला जुळवला. सांध्यावर शाई, पेन्सिल, थोडा पांढरा रंग. तीन दिवस ती भिंग लावून बसली होती. इतकं सफाईदार कोलाज तिने कधी केलं नव्हतं, आणि ते कोलाज आहे हेच कुणाला कळू द्यायचं नव्हतं.

हेस्टरबाईंना सांधा दिसला नाही. त्या लांब उभ्या राहिल्या, जवळ आल्या, पुन्हा लांब गेल्या. “काय केलंस गं याला?” त्या म्हणाल्या. “आधी जिवंत होता.”

“थोडा... सारखा केला, बाई.”

“तेच. नीटनेटका केलास.” त्यांनी काठावर पास होण्यापुरते गुण दिले आणि चित्र मधल्या भिंतीवरून काढून स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या बोळात लावलं.

क्लब सगळा त्या बोळात गोळा झाला. टामातीने खिशातून टेप काढला, काचेवर धरला आणि नाकापासून शेपटीपर्यंत बोट फिरवत गेला. रसेलच्या कपाळावर घाम आला होता. “एक्क्याऐंशी,” टामाती म्हणाला. टेप गुंडाळून त्याने टोपी काढली. “रस, मित्रा, सात महिने मी तुझ्या कपात चहा पितोय.”

टाळ्यांनी वाचनालय दणाणलं. ग्रंथपालबाई ‘शू’ करत धावत आल्या, तोवर रसेल क्लबवाल्यांच्या खांद्यांवर चढला होता. क्लबाने चित्र मागून घेतलं. रसेलने ते देऊनही टाकलं, ब्रायोनीला विचारायचं तेवढं राहून गेलं.

दोन आठवड्यांनी क्लबाच्या हॉलमध्ये त्याचं अनावरण झालं. नवी चौकट फारच रुंद होती. खालच्या कडेला ब्रायोनीने पेन्सिलीने केलेली सही तिच्याखाली पार झाकली गेली होती. त्याखाली पितळी पाटी होती: ‘रसेल ट्रेगर्थचा मासा. बावीस पौंड. मुलीने बिघडवलेला.’

“बघितलंस?” रसेलने तिला कोपराने ढोसलं. “तुझं चित्र भिंतीवर लागलं!”

“माझं नाव कुठाय त्यावर?”

“आहे की! ‘मुलीने.’ मला मुली आहेत तरी किती?” आणि तो टाळ्या घ्यायला पुढे गेला.

ब्रायोनी मागे बटाट्याच्या सॅलडजवळ उभी राहिली. शेजारी टामाती येऊन उभा राहिला. बशीत दोन सॉसेज घेत, तिच्याकडे न बघता म्हणाला, “सुरेख काम आहे, पोरी. फक्त स्नॅपरच्या पाठीवर बारा काटे असतात. तुझ्याला चौदा झालेत.”

तिच्या हातातला चमचा थांबला. “तुम्हाला कळलं होतं?”

“पन्नास वर्षं मासे सोलतोय मी. न कळायला काय झालं? तिथे बोळातच मोजले.”

“मग बोलला का नाहीत?”

“सगळ्यांनीच मोजले, बाळा. कुणीच बोललं नाही. अठरा वर्षं तो चेहरा बघून आम्हीही कंटाळलो होतो.”

“सगळ्यांना माहीत आहे?” तिचा आवाज चिरकला. “मग पाटीवर खापर माझ्यावर कशाला? मी काय बिघडवलं? तिसरासुद्धा आला नसता तो!”

टामातीने तिच्या पाठीवर थाप मारली. “कुणावर तरी घालावंच लागतं गं,” तो म्हणाला. “आणि तू लहान आहेस. तुला झेपेल.”

पुढे रसेल खुर्चीवर चढून माशाची गोष्ट पहिल्यापासून सांगत होता. पहाट, भरती, दोरीला बसलेला झटका. “आणि मग,” त्याने हात लांब केला, “ही आमची ब्रायोनी!” सगळा क्लब मागे वळला आणि तिच्याकडे मायेने बघू लागला. ब्रायोनीने चमचा खाली ठेवला आणि ‘हो, मीच ती’ म्हणावं तसा हात वर केला.