तेहतीस मदतनीस

सहलीच्या यादीत मेकॅनिकचं नाव सगळ्यात वर होतं. खरं तर तिथंच त्याला शंका यायला हवी होती.

पंप बनवणाऱ्या त्या कंपनीची सहल दरवर्षी निघायची आणि दरवर्षी सर्व्हिस विभाग मागे राहायचा. पंप काही सुट्टी बघून बिघडत नाहीत, असं मोठे साहेब म्हणत. सर्व्हिस विभाग म्हणजे तरी कोण, तर हा एकटा मेकॅनिक. अकरा वर्षं तो लोकांच्या तळघरांत, गच्च्यांवर आणि जिन्याखालच्या सांदीकोपऱ्यांत पालथा पडून पंप दुरुस्त करत आला होता. थकवा त्याला आता येत नसे. तो कायमचा मुक्कामालाच होता.

"यंदा तुम्ही यायचंच," एचआरच्या मॅडम म्हणाल्या. "आणि वहिनींनाही आणा."

"बाकीचे पण घरच्यांना आणतायत?"

"नाही, फक्त तुम्ही. साहेबांनी खास सांगितलंय."

मेकॅनिकला भरून आलं. घरी जाऊन त्याने बायकोला सांगितलं. ती पालिकेच्या कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर होती. वीस वर्षं लोकांचे अर्ज वाचून तिचा माणसांवरचा विश्वास बेताचाच राहिला होता.

"फुकट?" ती म्हणाली. "काय हवंय त्यांना?"

"काही नको गं. अकरा वर्षांनी आठवण झाली, एवढंच."

"येते, पण एका अटीवर. दोन दिवस तुमच्या हातात पाना दिसला तर मी क्षणभर थांबणार नाही. लग्नाला अठरा वर्षं झाली. एकदा तरी माझ्यासमोर बसून पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत जेवा. आणि दुपारी झोपायचं. आरशात तोंड बघितलंय का? डोळे खोल गेलेत."

"शपथ," मेकॅनिक म्हणाला. बायकोचा शपथेवरही विश्वास नव्हता. तिने त्याची बॅग स्वतः तपासली. मोज्यातून टेस्टर निघाला आणि दाढीच्या डबीतून छोटी पक्कड.

"दाढी पकडीनं करता वाटतं?" तिने विचारलं.

शनिवारी सकाळी बसमध्ये चढताना एचआरच्या मॅडमनी त्याच्या हाती एक खोका दिला. वर रंगीत कागद, रिबिनीचं फूल. "बक्षिसं आहेत. नीट ठेवा हं." खोका उचलताना मेकॅनिकच्या कमरेत लचक भरली.

"फार जड बक्षिसं आहेत हो मॅडम."

"उत्कृष्ट कर्मचाऱ्याला द्यायचीत," त्या म्हणाल्या आणि उगाचच खिडकीबाहेर बघायला लागल्या.

रिसॉर्ट डोंगराच्या उतारावर होतं आणि तिथं अश्मयुग चालू होतं. खोल्यांऐवजी सिमेंटच्या गुहा होत्या. भिंतींवर रंगवलेले रेडे, दारांशी दगडी कुऱ्हाडी आणि मधोमध एक उंच सिमेंटचा कडा, त्यावरून धो धो पडणारा धबधबा. वेटर बिबट्याच्या ठिपक्यांचं कापड गुंडाळून फिरत होते आणि अगदी अदबीनं "सर" म्हणत होते. पाहुण्यांनाही कपड्यांवरून तेच कापड नेसायची सक्ती होती. मोठ्या साहेबांच्या पोटाला एक कापड पुरलं नाही, तेव्हा त्यांना दोन जोडून दिली.

"छान आहे हो," मेकॅनिकची बायको धबधब्याकडे बघत म्हणाली. "पण हा कसला आवाज येतोय? कुई कुई असा?"

मेकॅनिकने तो आवाज बसमधून उतरतानाच ऐकला होता. आत कुठंतरी एका पंपाचं बेअरिंग शेवटच्या घटका मोजत होतं.

"पक्षी असेल," तो म्हणाला.

"पक्षी मधे दम तरी घेतो."

"इकडचे नाही घेत," असं म्हणून मेकॅनिकने धबधब्याकडे पाठ केली. आपली शपथ आणि तो आवाज यांच्यात शक्य तेवढं अंतर राहावं म्हणून त्याने लांबची गुहा मागून घेतली.

त्या गुहेचं दार म्हणजे रुळावर सरकणारी दगडासारखी फळी होती. ती अर्धी सरकली आणि अडकली. चाक रुळावरून उतरलंय हे मेकॅनिकला दिसत होतं. एक झटका दिला असता तर काम झालं असतं. पण बायको बघत होती. त्याने दोन्ही हात काखेत घातले आणि वेटरची वाट बघितली. दहा मिनिटं गेली, वीस गेली. बायकोच्या डोक्यावर ऊन आलं.

"अहो, बघा ना जरा," ती शेवटी म्हणाली.

"शपथ?"

"हे घरचं काम झालं. हात लावायला शपथ आड येत नाही, पाना तेवढा नको."

पाना नव्हताच. तेव्हा मेकॅनिकने दारावरची शोभेची दगडी कुऱ्हाड काढली, तिच्या पात्याने फळी उचलली आणि चाक रुळावर बसवलं. हे करत असताना शेजारच्या गुहेतून जावक विभागाचा कारकून बाहेर आला. नको तेव्हा नको तिथं हजर राहण्यात त्याचा हात कुणी धरला नसता.

"वा, मेकॅनिक! आमच्याही दाराला तेवढी कुऱ्हाड लावता का?"

नाही म्हणणं मेकॅनिकला कधीच जमलं नव्हतं. कारकुनाचं दार झालं, तोवर पलीकडून विक्री विभागाचे दोघे आले. त्यांच्या न्हाणीघरात दगडी मगरीच्या तोंडातून नुसतं कढत पाणी येत होतं. मग टायपिस्टबाईंचा पंखा. मग डिझाइनवाल्यांचा पलंग, ज्यांनी आयुष्यात शेकडो पंपांची चित्रं काढली पण एक खिळा ठोकला नव्हता. जेवणाची तुतारी वाजेपर्यंत मेकॅनिकने कुऱ्हाड, हेअरपिन आणि नेलकटर एवढ्या सामग्रीवर सात गुहा उभ्या केल्या होत्या. अश्मयुगातल्या माणसाचं आयुष्य तिशीच्या आत का आटोपायचं, हे त्याला पुरतं कळलं.

"आता पुरे," बायको म्हणाली आणि त्याला हाताला धरून जेवायला घेऊन गेली. दोघं समोरासमोर बसली. तिने त्याच्या ताटात गरम गरम वाढलं. त्याने पहिला घास उचलला. तिच्या चेहऱ्यावर असं काही हसू आलं, की मेकॅनिकला वाटलं, अठरा वर्षं आपण हे कुठल्या मूर्खपणापायी बुडवलं?

आणि धबधबा बंद पडला.

एवढा वेळ भरून राहिलेला आवाज एकदम गेला तशा सगळ्यांच्या माना कड्याकडे वळल्या. बिबट्याच्या कापडातले मोठे साहेब स्वतः उठून मेकॅनिकच्या टेबलाशी आले. मागोमाग रिसॉर्टचा व्यवस्थापक धावत आला. तोही ठिपक्यांतच होता, पण गळ्यात ओळखपत्र होतं.

"बघता का जरा? पाचच मिनिटं," साहेब म्हणाले.

मेकॅनिकने बायकोकडे बघितलं. ती त्याच्या ताटाकडे बघत होती. घास तसाच ठेवून तो उठला.

पंपघर कड्याच्या पोटात होतं. आत शिरल्या शिरल्या मेकॅनिकला पंपावरची पितळी पाटी दिसली. तिच्यावर त्याच्याच कंपनीचं नाव होतं. त्याने आ वासला.

"आमचा पंप?"

"तुमचाच," व्यवस्थापक म्हणाला. "आठ महिन्यांत सात तक्रारी केल्या. दर वेळी तुमचे साहेब लिहायचे, डोंगर फार लांब पडतो, माणूस मोकळा नाही. शेवटी हे पत्र आलं. तुम्ही आलात, जीव भांड्यात पडला. पण एक विचारू का? बाकीचे मदतनीस कधी येणार? सकाळपासून बघतोय, तिकडं नुसती रस्सीखेच चाललीय."

"कुठले मदतनीस?"

व्यवस्थापकाने पत्र पुढे केलं. खाली मोठ्या साहेबांची लपेटदार सही होती. 'आमचे ज्येष्ठ तंत्रज्ञ तेहतीस मदतनिसांसह दुरुस्तीसाठी येत आहेत. काम अवघड असल्याने दोन दिवस लागतील. सर्वांच्या निवासाची व भोजनाची सोय आपण करावी.' सोबत यादी होती. मदतनीस क्रमांक एक, मोठे साहेब. क्रमांक दोन, एचआरच्या मॅडम. त्याखाली अख्खं ऑफिस, टायपिस्टबाई धरून. क्रमांक तेहतीस, तंत्रज्ञाची पत्नी.

मेकॅनिक पालथ्या बादलीवर बसला. त्याला राग यायला हवा होता, पण रागालाही थोडं त्राण लागतं. आपल्याला कुणी सहलीला आणलंच नव्हतं. आपणच सगळ्यांना आणलं होतं, या एका विचाराने त्याला फार एकटं वाटलं.

"मुद्दाम नवं बेअरिंगही पाठवलंय म्हणाले होते साहेब," व्यवस्थापक म्हणाला. "रिबीन बांधलेल्या खोक्यात."

तेवढ्यात दारात बायको आली. तिच्या हातात झाकलेलं ताट होतं. रागावून घरी जायचं म्हणून ती उठली होती, पण उपाशी माणसाला टाकून जायचं कसं म्हणून ताट घेऊन आली होती. मेकॅनिकने पत्र तिच्या हाती दिलं. तिने चष्मा लावला आणि वीस वर्षांच्या सवयीने ते दोनदा वाचलं, एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर.

"मी तेहतिसावी," ती म्हणाली.

"मला माहीत नव्हतं गं. खरंच."

"ते दिसतंय तोंडावर. आधी जेवा." तो जेवला. उभ्या उभ्या नाही, बादलीवर बसून, तिच्यासमोर. मग तिने विचारलं, "याला किती जण लागतात?"

"एक जण बॅटरी धरायला. एक जण पंपाखालच्या खड्ड्यातलं पाणी उपसायला."

बायको व्यवस्थापकाकडे वळली. "मदतनीस क्रमांक एकना बोलवा."

मोठे साहेब आले. पत्र तिच्या हातात बघून त्यांनी घसा खाकरला. "त्याचं काय आहे वहिनी, एक प्रकारची टीम स्पिरिट..."

"बादली तिकडं आहे," वहिनी म्हणाल्या.

व्यवस्थापकासमोर साहेबांची पंचाईत झाली. यादी खोटी म्हणावी तर राहण्या-जेवणाचा प्रश्न, खरी म्हणावी तर बादली. त्यांनी बादली घेतली. तीन तास मोठे साहेब बिबट्याच्या दोन कापडांत खड्ड्यातलं गुडघाभर पाणी उपसत होते. बायकोने बॅटरी धरली. रिबिनीच्या खोक्यात बेअरिंगसोबत पानेही निघाले, त्यांनी मेकॅनिकने जुनं बेअरिंग काढून नवं बसवलं. आपला नवरा काम करताना तिने कधी बघितला नव्हता. त्याचे हात कुठंही अडखळत नव्हते. ती बघत राहिली आणि दोनदा बॅटरी भलतीकडेच गेली.

"बॅटरी इकडं," तो म्हणाला.

"धरलीय की," ती म्हणाली. तिचा आवाज जरा बदलला होता.

उन्हं उतरायच्या सुमारास मेकॅनिकने तिच्याकडूनच स्टार्टरचं हिरवं बटण दाबून घेतलं. बाजूचं लाल कशासाठी तेही सांगितलं. पंप चालू झाला आणि कुई कुई आवाज गेला. व्यवस्थापकाने तक्रारीचा फॉर्म पुढे केला. साहेबांनी ओल्या हाताने घाईघाईने पेन दिलं.

"काम पूर्ण, तिथं खूण करा आणि सही ठोका."

"थांबा," बायको म्हणाली. "त्याखाली काय लिहिलंय? 'निरीक्षण आवश्यक असल्यास कालावधी लिहावा.' नव्या बेअरिंगवर लक्ष ठेवायला लागत असेल ना हो?"

मेकॅनिकने तिच्याकडे बघितलं. लक्ष ठेवायचं म्हटलं तर ठेवता येतंच.

"लागतं," तो म्हणाला.

"किती दिवस?"

"तीन."

"चार लिहा. मदतनीस?"

"एक पुरे," मेकॅनिक म्हणाला आणि लिहू लागला. "बाकीच्यांना रविवारी दुपारी मोकळं करायला हरकत नाही."

"अहो, पण सोमवारी ऑफिसात..." साहेब म्हणाले.

"मी ऑफिसच्याच कामावर आहे साहेब. तुमची सही आहे पत्रावर."

रविवारी दुपारी बस भरून निघाली. साहेब शिंकत शिंकत पुढच्या सीटवर बसले. चार दिवस पंपांचे फोन आले तर घ्यायचे कुणी, हा प्रश्न एचआरच्या मॅडमनी काढला, तेव्हा सगळ्यांनी मदतनीस क्रमांक एककडे बघितलं.

सोमवारी दुपारी कचेरीत हिशोबाच्या वहीवर पेंगणारा व्यवस्थापक दचकून जागा झाला, तर धबधबा बंद होता. पायऱ्यांवरून धडपडत तो मेकॅनिकच्या गुहेकडे धावला आणि लांबूनच ओरडला, "सर! सर! बंद पडला!"

गुहेच्या दारात मेकॅनिकची बायको बसली होती. तिने ओठांवर बोट ठेवलं. आत मेकॅनिक भिंतीकडे तोंड करून, तोंड उघडं टाकून, गाढ झोपला होता.

"बंद पडला नाही, मी केलाय," ती कुजबुजली. "कालपासून झोपेतसुद्धा कान पंपाकडे लावून बसलेत. बटण दाबून परत येते, तोवर घोरायला लागले होते."

"पण मॅडम, पाहुणे विचारतील..."

"दुरुस्ती चालू आहे म्हणून सांगा," ती म्हणाली. व्यवस्थापकाने एकवार आत बघितलं, पायातले बूट काढून हातात घेतले आणि आल्या वाटेने चवड्यांवर परत गेला.