चार बोटं कमी

नागनाथमामा देवळात शिरले की देवाआधी खांबाला मिठी मारतात. साधीसुधी नाही. छाती दगडाला टेकवून, गाल चिकटवून, दोन्ही हात मागं जातील तितके ताणून, तरी पलीकडं बोटं काही भिडत नाहीत. मग डोळे मिटून पुटपुटतात, "एक कव, चार बोटं कमी." आणि खिशातल्या सुतळीला गाठ मारतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, माणूस गेला कामातून.

मामा एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. देगलुरात आमच्याच गल्लीत, दोन घरं सोडून राहतात. मी शाळामास्तर. डॉक्टरांनी माझ्या पोटाकडं बघून सायकल चालवा म्हणून सांगितलं, ते आमच्या मंडळींनी मामांच्या कानावर घातलं, आणि माझ्या रविवारच्या झोपेचं वाटोळं झालं. "सर, देगलूर, होट्टल, येरगी, परत देगलूर. सपाट रस्ता हाय, लेकरू बी जाईल. सहाला गाडी सुटती." गाडी म्हणजे त्यांची जुनी काळी सायकल.

नोकरी सुटली, कंडक्टरकी काही सुटली नाही. त्यांच्या सायकलची घंटी एकदा वाजली की थांबायचं, दोनदा वाजली की निघायचं. मधे पाणी प्यायला थांबलो तर, "इथं थांबा न्हाई, सर." होट्टलला दहा मिनिटं, येरगीच्या बारवेवर दहा मिनिटं. अकराव्या मिनिटाला डबल. माझी चप्पल एकदा बारवेच्या पायरीवर राहिली, तरी गडी थांबला नाही. "सामानाची जबाबदारी प्रवाशाची!" म्हणे.

होट्टलचं देऊळ बघायला दहा मिनिटं म्हणजे चेष्टाच की हो! तुरीच्या रानातून वळण घेतलं की तो काळा दगड एकदम समोर येतो आणि माझं तोंड आपोआप बंद होतं. भिंतीवर दगडाच्या बाया हारीनं उभ्या. कुणी आरशात बघतेय, कुणी नाचतेय, कुणाचा पदर माकड ओढतंय. बोटातली अंगठी, पायातलं पैंजण, सगळं दगडात. हजारेक वर्षांपूर्वी आपल्याच भागातल्या कुणीतरी छिन्नीनं हे केलंय, आणि आपल्याला फळ्यावर धड गोल काढता येत नाही! मी दर रविवारी तसाच खुळ्यासारखा उभा राहतो. मामा मात्र वितीनं पैंजण मोजत असतात.

"मामा, फोटो काढा की मोबाईलमधी."

"फोटू काय कामाचा?" एवढंच बोलले आणि सुतळीला आणखी एक गाठ मारली.

फोटो का नको, ते एकदा त्यांच्या घरी चहाला थांबलो तेव्हा कळलं. गंगूमामी, म्हणजे मामांची बायको, बाजेवर बसल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी काचबिंदूनं त्यांची नजर गेली, तेव्हापासून बाईनं उंबरा ओलांडलेला नाही. होट्टल त्यांचं माहेर. देवळाची मूर्तींची एक भिंत तेवढी उभी, बाकीचे दगड ढासळून रानात पडले होते, तेव्हा त्यांच्यावर बसून सागरगोटे खेळलेल्या. पुढं ते दगड उचलून देऊळ नीट उभं केलं, ते बघायचं राहून गेलं. आणि आता जायचं म्हटलं की एकच बोलणं, "नगं. बाया म्हणतील, गंगी आंधळी होऊन आली."

मामांनी सुतळी त्यांच्या हातात दिली. मामींची बोटं एकेका गाठीवर थांबत होती आणि मामा सांगत होते, "हा मोठा खांब. एक कव, चार बोटं कमी. ही आरशावाली. आन् ही पदर ओढणाऱ्या माकडाची. माकडाला शेपूट न्हाई."

"काहून न्हाई? हाय की!"

"न्हाई. म्या सोता बघून आलो."

मी तोंड उघडलं. शेपूट चांगलं त्या बाईच्या टाचेपर्यंत आलेलं, मी स्वतः बघितलेलं. तेवढ्यात मामांनी माझ्या मांडीला असा चिमटा काढला की चहा सांडला. आठ आण्याची चिल्लर राहिली तरी बस थांबवून प्रवाशाला परत देणारा हा माणूस, बायकोशी धडधडीत खोटं बोलून राहिला होता! मग माझ्या डोक्यात उजेड पडला. तिला राग यावा, तिनं उठून म्हणावं, चला दाखवते, म्हणून हा सगळा खटाटोप. किती रविवार झाले असतील कुणास ठाऊक. मला स्वतःचीच लाज वाटली. मी त्यांना खुळ्यात काढलं होतं.

"सरांना इचार," मामा म्हणाले.

"न्हाई मामी," मी म्हणालो. "शेपूट नाही."

मामींनी माकडाची गाठ पुन्हा शोधली. बराच वेळ सुतळी चाचपत बसल्या. मामांनी हातातली बशी खाली ठेवली नाही, वर उचलली नाही. शेवटी मामी म्हणाल्या, "येत्या ऐतवारी मी येते. दाखवते दोघायला."

रविवारी मामांनी कॅरिअरवर घडी घालून गोधडी बांधली. मामी बसल्या, मामांची कंबर घट्ट धरली. डबल वाजली. त्या दिवशी गाडी इतकी हळू चालली की माझी सायकल दोनदा पडता पडता वाचली. वाटेत मामा ओरडत होते, "होट्टल कोन हाय, होट्टल?" आणि मागून मामी म्हणत होत्या, "हळू वो, गाव ऐकंल."

देवळाच्या भिंतीशी मामींना कुणी नेलं नाही. त्याच हात पुढं करून गेल्या. खाली वाकल्या, टाचेपाशी बोट टेकवलं आणि वरपर्यंत फिरवत नेलं.

"हे काय हाय मंग? माझे डोळे गेले, तुमचे बी गेले का?" मग माझ्याकडं तोंड करून म्हणाल्या, "यांना ठाऊक होतं, सर. यांला लबाडी जमत न्हाई, आवाज कापतो. तुमाला मातर चांगली जमती."

मी कान पकडले. मामा हसले, पण नाकपुड्या लाल झाल्या होत्या.

"तुमचा तो खांब कुठंय?" मामींनी विचारलं.

मामांनी खांबाला नेहमीसारखी मिठी मारली. मामी पलीकडून आल्या, गाल दगडाला लावला आणि हात पसरले. चाचपत चाचपत त्यांची बोटं मामांच्या बोटांवर आली. "पुरले की," त्या म्हणाल्या.

मी सवयीनं घड्याळात बघितलं. दहा मिनिटं झाली, वीस झाली. ऊन मंडपाच्या मधोमध आलं. मामांनी काही डबल दिली नाही.