खिडकीबंदी

मुख्याध्यापकांच्या खोलीत तक्रार घेऊन येणाऱ्या पालकाला आधी खुर्ची मिळे, मग चहा आणि मग बिस्किट. खरी मेख बिस्किटात होती. ते इतकं कडक असे की चावून गिळेपर्यंत पालकाला बोलता येत नसे आणि तेवढ्यात मुख्याध्यापक बोलून घेत. "चालायचंच हो, मुलं आहेत. बघू आपण," हे ते अशा मायेने म्हणत की पालक तोंडातला चुरा आवरत, आभार मानून बाहेर पडे. काहीच झालेलं नाही, हे त्याच्या लक्षात घरी गेल्यावर येई. पण तोवर शाळा सुटलेली असे.

ही पद्धत वर्षानुवर्षं बिनबोभाट चालली होती. मग एक दिवस पाचवीतल्या एका मुलीची आई आली आणि तिने बशी सरळ बाजूला सारली.

"दाताची तक्रार घेऊन आलेय मी, आणि तुम्ही मला हे खायला देताय?"

मुलगी झोपाळ्यावरून पडून तिचे पुढचे दोन दात गेले होते. जबडा पुरता वाढल्याशिवाय नवे बसवता येणार नाहीत, असं दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. वर्गात तिचं नाव 'खिडकी' पडलं. ती उत्तर द्यायला उठली की मागून आवाज येई, "खिडकी उघडली रे!" आणि खाली बसली की, "लाव, लाव, वारा येतोय!"

"तिची बडबड ऐकून आमचे कान किटायचे, साहेब," आई म्हणाली. "आता तोंडावर हात ठेवून बोलते. हसणं तर बंदच. डबा भिंतीकडे तोंड करून खाते म्हणे. काल म्हणाली, शाळेतच जाणार नाही. घर कसं गप्प गप्प झालंय."

"चालायचंच हो ताई, मुलं आहेत. बघू आपण."

"मी बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसते, साहेब. दिवसभर लोकांना मी हेच म्हणते, 'बघू'. त्याचा अर्थ मला चांगला ठाऊक आहे. उद्यापर्यंत काही केलं नाहीत, तर तुमच्या दारात खुर्ची टाकून बसेन. बसायची मला सवय आहे."

ती गेली आणि मुख्याध्यापकांना घाम फुटला. कोण चिडवतं, किती जण चिडवतात, मुलीचं स्वतःचं म्हणणं काय, असल्या चौकशीत वेळ घालवण्यापेक्षा त्यांनी सरळ ध्वनिक्षेपक हाती घेतला.

"पाचवीतल्या एका मुलीला 'खिडकी' म्हणतात, असं आमच्या कानावर आलं आहे. आजपासून शाळेच्या आवारात 'खिडकी' हा शब्द कोणीही उच्चारणार नाही. खिडकी नाही म्हणजे नाही! पुन्हा खिडकी ऐकू आली तर गाठ माझ्याशी आहे!"

तोवर ही गोष्ट एका वर्गापुरती होती. मधल्या सुट्टीत दहावीची मुलंसुद्धा पाचवीच्या दारात माना उंचावून उभी राहिली. मुलीने डबा उघडलाच नाही.

मराठीच्या बाई कर्तव्यदक्ष होत्या. बंदी घातलेल्या शब्दाऐवजी काय म्हणायचं, हे मुलांना कळायला नको का? त्यांनी फळ्यावर समानार्थी शब्द लिहून दिले. झरोका, गवाक्ष, वातायन. शाळा सुटेपर्यंत मुलीला तीन नवी नावं मिळाली. कॉम्प्युटरचे सर मुख्याध्यापकांना विचारायला गेले, "सर, इंग्रजीतली चालेल का? माझा धडाच विंडोचा आहे." थोडा विचार करून मुख्याध्यापक म्हणाले, "चालेल. पण हळू आवाजात." चौथं नाव अशा रीतीने अधिकृत परवानगीने आलं.

दुपारी वारा सुटला. गणिताच्या सरांच्या टेबलावर चाचणीचे पेपर होते.

"अरे, ती लावा! ती!" सर ओरडले.

"काय लावू, सर?"

"ती रे! भिंतीतली!"

एकाने दार लावलं. दुसऱ्याने पंखा लावला, तोही पूर्ण वेगात. अख्ख्या वर्गाचे गुण उडाले आणि जिचं नाव घ्यायचं नव्हतं तिच्यातूनच मैदानात गेले. नापास व्हायच्या बेतात असलेल्या मुलांनी ते गोळा करायला मोठ्या उत्साहाने मदत केली. तरी काही सापडले नाहीत ते नाहीतच.

कारकुनाने तर कमाल केली. 'फी खिडकी' अशी पाटी होती, तिच्यावर त्याने कागद चिकटवला. दुसऱ्या दिवशी सकाळी फी भरायला आलेले पालक आवारात हरवल्यासारखे फिरू लागले.

"अहो, पैसे कुठे भरायचे?"

"त्या भोकात," शिपाई म्हणाला.

"तोंड सांभाळून बोला!" पालक भडकले.

एवढ्यात मुलीची आई घडीची खुर्ची काखेत मारून हजर झाली. मुख्याध्यापकांच्या दाराला टेकून तिने ती उघडली आणि ऐसपैस बसली. पण हाडाची चौकशीवाली ती. कोणी गोंधळलेला दिसला की तिला राहवत नसे. "फी ना? डावीकडे वळा, कागद लावलेली चौकट दिसेल." "दाखला? जिन्याखालचं टेबल." बघता बघता तिच्यासमोर रांग लागली. माणसं आपल्या जुन्या तक्रारीही सांगू लागली. माझ्या मुलाची चप्पल लपवतात, माझ्या मुलीला खेळायला घेत नाहीत. "सरांनी बिस्किट दिलं होतं का?" ती विचारी आणि सगळे माना डोलावत.

आत अडकलेले मुख्याध्यापक हे सगळं ऐकत होते. बाहेर पडायची सोय नव्हती आणि सभागृहात पाचवीची मुलं त्यांच्या उपदेशाची वाट बघत होती. घाबरलं की त्यांना भूक लागे. समोर डबा होता. त्यांनी एक बिस्किट उचललं आणि विचार न करता पुढच्या दातांनी तोडलं.

कट्!

बिस्किट शाबूत राहिलं. मुख्याध्यापकांचा पुढचा बसवलेला दात मात्र निखळला आणि चहाच्या घोटाबरोबर पोटात गेला.

मुलं वाट बघताहेत म्हटल्यावर आईने खुर्ची सरकवून त्यांना वाट दिली. सभागृहात ते तोंडावर हात ठेवूनच उभे राहिले. "श्शर्व विद्यार्थ्यांनी श्शांत बश्शावं," एवढ्या वाक्यात तीनदा शिट्टी वाजली. मागच्या बाकांवर खसखस पिकली. मुख्याध्यापकांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना वाटलं, हात काढू नये, तोंड उघडू नये, सरळ घरी जावं. पुढच्याच रांगेत एक मुलगी तशीच, अगदी तशीच, तोंडावर हात ठेवून त्यांच्याकडे बघत होती. तिच्याकडे बघून त्यांना फार वाईट वाटलं. भाषण तिथेच संपलं.

थोड्या वेळाने ती खोलीच्या दारात आली. मागे आई होती.

"सर, 'स' म्हणताना जीभ जरा मागे घ्या," मुलगी हाताआडून म्हणाली. "मग शिट्टी वाजत नाही. मी आरशासमोर करून पाहिलंय."

मुख्याध्यापकांनी जीभ मागे घेऊन पाहिली. "सर्व," ते म्हणाले. "अरे वा!" मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "बाळ, कोण कोण चिडवतं तुला?"

"दोघंच. बाकीचे नुसते हसतात. म्हणजे, दोघंच होते. तुम्ही सांगितल्यावर सगळी शाळा झाली."

"दोघंच? मग सांगितलं का नाहीस?"

"विचारलंच नाही कोणी."

मुख्याध्यापकांनी त्या दोघांना आई-वडिलांसकट बोलावलं. चहा दिला नाही, बिस्किटही नाही. तोंडावरचा हात काढून ते म्हणाले, "मलाही म्हणा बघू, काय म्हणता ते. मोठ्याने." दोघांनी माना खाली घातल्या त्या वर येईनात. मग मुख्याध्यापक तासभर बोलले, दात नसतानाही स्पष्ट बोलले. बाकीच्या वर्गाशी वर्गशिक्षिका बोलल्या. बंदी उठली, पाटीवरचा कागद निघाला आणि बिस्किटांचा डबा भंगारात गेला.

नवा दात बसायला वेळ होता. एके दिवशी शिक्षकांच्या खोलीवरून जाताना मुख्याध्यापकांना आतून आवाज आला, "अरे, दरवाजा आला का आज?" आणि पाठोपाठ हशा.

संध्याकाळी ते तडक बसस्थानकावर गेले. चौकशीच्या खिडकीत मुलीची आई होती. तिच्या शेजारी मुलगी गृहपाठ करत बसली होती.

"ताई, मला दरवाजा म्हणतात हो!"

"चालायचंच, साहेब," आई मायेने म्हणाली. "शिक्षक आहेत. बघू आपण."

मुख्याध्यापकांचा चेहरा इतका पडला की तिलाच दया आली. "बरं, किती जण आहेत? विचारलंत का?"

"नाही."

"दोघंच असतील. उद्या खुर्ची घेऊन येते."

एवढ्यात रांगेतला मागचा माणूस वैतागून ओरडला, "ओ साहेब, खिडकी सोडा की आता! किती वेळ खिडकी अडवणार?"

 मुख्याध्यापकांनी भीत भीत मुलीकडे पाहिलं. ती खदाखदा हसत होती. दोन्ही हात पोटावर होते.