वडील : सुती धोतरावर हळद

"वारले का?" जालन्याच्या झेरॉक्सवाल्यानं विचारलं.

"न्हाई, जित्ते हायत," कल्याण म्हणाला.

"मंग एवढी जल्दी काय?"

प्रश्न रास्त होता. वडिलांचा चेहरा दीड हात लांब छापून घ्यायला कुणी आलं, की त्याच्या घरी एक तर निवडणूक असते, नाहीतर दहावा. कल्याणच्या घरी दोन्ही नव्हतं. त्याला तो चेहरा पारदर्शक प्लास्टिकवर हवा होता आणि बाराच्या आत जाफराबादला परतायचं होतं, कारण त्याचं पुढचं सगळं काम उन्हाच्या हाती होतं. पण लाइट गेली, मग मशीन रुसलं, मग बस चुकली. प्लास्टिकच्या सुरळीत वडिलांना गुंडाळून तो घरी पोचला तेव्हा साडेचार वाजले होते.

कल्याण लग्नांचे फोटो काढून पोट भरायचा आणि उरलेल्या वेळात स्वतःचे फोटो काढायचा. स्वतःचे म्हणजे तोंडाचे नव्हेत, मनाचे. वडाच्या पानावर त्यानं आजोळची विहीर छापली होती. आता संभाजीनगरच्या प्रदर्शनासाठी आजोबांच्या जुन्या धोतरावर वडील छापायचे होते. रीत साधी होती. हळद स्पिरिटमध्ये कालवून कापडाला लावायची, कापड अंधारात वाळवायचं, वर प्लास्टिकवरचा चेहरा ठेवून उन्हात पसरायचं. ऊन लागेल तिथली हळद उडते, सावली पडेल तिथली राहते. ‘वडील : सुती धोतरावर हळद’ हे नावही त्यानं कळवून टाकलं होतं, आणि प्रदर्शनवाल्यांनी त्याची पाटी छापूनही घेतली होती.

खुद्द वडिलांचा, म्हणजे काकासाहेबांचा, या सगळ्यावर काडीचा विश्वास नव्हता.

"फोटूत माणसाचं तोंड दिसलं पायजे," ते म्हणायचे. "ह्याच्या फोटूत काय दिसतं? काय बी न्हाई. हे बघ कल्याण, ह्या बारीला घरातल्या एका जरी माणसाला त्यात मी दिसलो, तर मी पुन्हा तोंड उघडणार न्हाई. न्हाई दिसलो, तर हे चाळे बंद. शहागडला मामाच्या दुकानात बसायचं, ट्रकचे पार्ट इकायचे."

मामा खरोखरच वाट बघत होता. कल्याणला दुकानाची भीती नव्हती. वडिलांना आपलं काम एकदाही दिसू नये, याचंच त्याला वाईट वाटायचं.

तर साडेचार वाजता तो धावत कोठीच्या खोलीत गेला. हळद लावून वाळत घातलेलं धोतर तिथं नव्हतं. तो गच्चीवर पळाला. तिथं आई, तुळजाबाई, डालग्यात पापड भरत होती, आणि पापडांखाली, चैत्राच्या उन्हात दिवसभर भाजून निघालेलं, आजोबांचं धोतर पसरलेलं होतं.

"आई, हे धोतर..."

"सापडलं मला!" तुळजाबाईंचा चेहरा फुलला होता. "आठ दिस झाले, पापडाला सुती कापड दे म्हणून राह्यले, तुझं ध्यानच न्हाई. आन् सकाळी बघते तर काय, धुतलेलं धोतर, वरून मुंग्या येऊ नये म्हणून हळदसुद्धा लावून ठेवलेली! मी म्हणलं, चला, एकतीस वर्षांत एकदा तरी पोराला आईचं कळलं."

असं बोलणाऱ्या आईला खरं सांगण्याची छाती कुणाची होते? पापडाखालची हळद तेवढी शिल्लक होती, बाकी सगळी उडाली होती. आणि उडदाच्या ओल्या पापडांतला पापडखार लागून त्या राहिलेल्या हळदीचं कुंकू झालं होतं. फिक्या धोतरावर लाल लाल वर्तुळांच्या रांगा उमटल्या होत्या.

"पर पापड खालून लाल कशानं झाले?" आईनं एक उलटून पाहिला. "आन् भरले एकसष्टच. सकाळी अडुसष्ट मोजून घातल्ते मी. सात कुठं गेले?"

टाकीच्या सावलीत काकासाहेब बाजेवर बसले होते. पापड राखायचं काम त्यांच्याकडं होतं. बीपीमुळं डॉक्टरनं त्यांचं पापड-लोणचं बंद केलं होतं आणि तुळजाबाई तो हुकूम डॉक्टरपेक्षा कडक पाळायच्या.

"कावळे," काकासाहेब म्हणाले.

"कावळा एक नेईल. सात?"

"दोन-तीन कावळे व्हते."

तुळजाबाईंची नजर हळूहळू शेजारच्या गच्चीकडं वळली. तिथं नंदाबाई कपडे काढत होत्या. सकाळी पापड लाटायला त्याच होत्या, आणि मधला कठडा जेमतेम गुडघ्याएवढा.

"सात पापड कमी भरले गं नंदा."

"मंग मी काय करू?"

"मी तुझं नाव घेतलं का?"

"नाव घेतलं न्हाई, पर बघून तर माझ्याकडंच राह्यल्या ना! लाटून लाटून माझे हात गेले, आन् वर हे!"

त्या दिवसापासून दोन घरांतली विरजणाची वाटी जायची-यायची बंद झाली.

इकडं कल्याणपुढं दुसरं धोतर नव्हतं, दुसरा दिवस नव्हता आणि ऊनही उतरलेलं होतं. आणखी उजेड लागला तर आहे तेही उडेल, म्हणून त्यानं धोतर नीट न बघताच काळ्या पिशवीत कोंबलं आणि सकाळच्या बसनं पाठवून दिलं. वडिलांचा दीड हाती चेहरा माळ्यावर गेला. कल्याणला रडू येत होतं, पण घरात आधीच दोन बायका रुसलेल्या होत्या, त्यात आपली भर कशाला म्हणून तो गप्प राहिला.

आठ दिवसांनी तिघंही प्रदर्शनाला गेले. तुळजाबाई नवं लुगडं नेसून, आणि काकासाहेब जिंकलेल्या माणसाच्या चालीनं. बसमधूनच त्यांनी शहागडला फोन करून मामाला "जागा करून ठेव" असं सांगितलं होतं.

मंद उजेडात धोतर भिंतीवर लटकलं होतं. शेजारी पाटी होती : वडील.

"किती चंद्र आहेत," एक बाई हळुवारपणे म्हणाल्या.

"पापड हायत मॅडम," काकासाहेब म्हणाले. "उडदाचे."

त्या बाईंनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. काकासाहेब मुलाकडं वळले. "सांग आता. ह्यात मी कुठंय?"

कल्याण पाटीकडं बघू लागला. तुळजाबाई मात्र धोतराला नाक लावून बोटानं मोजत होत्या. त्यांचं बोट शेवटच्या ओळीपाशी अडलं.

"एकसष्ट लालभडक. आन् हे सात फिके." त्या पुटपुटल्या. "म्हंजे हे सात अर्धे ओले असतानाच उचलले. भर दुपारी. म्हणून तिथं नंतर ऊन लागलं."

"कावळे दुपारीच येतात," काकासाहेब म्हणाले, पण आवाज जरा खाली आला होता.

बोट आणखी सरकलं. सात फिक्या वर्तुळांच्या शेजारी, धोतराच्या काठावर, एक पिवळी आकृती उमटली होती. दोन जाड गोल, मध्ये दांडी, एका बाजूला काडी, आणि दुसऱ्या बाजूला काडीऐवजी नागमोडी दोरा. दुपारी कुणीतरी झोपण्याआधी चष्मा काढून धोतरावर ठेवला होता.

तुळजाबाईंनी आकृतीकडं पाहिलं. मग नवऱ्याच्या नाकाकडं पाहिलं. काळी जाड फ्रेम, डावी काडी मोडलेली, तिथं दोरा.

"दिसले," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"तुम्ही. बराबर दिसून राह्यले, दोऱ्यासकट."

काकासाहेबांनी इकडंतिकडं पाहिलं. मघाच्या बाई पाटी वाचून त्यांच्याकडंच बघत होत्या. "पुरे सात न्हाई खाल्ले," ते म्हणाले. "एक थुकून दिला. दवाखान्याचा वास येत व्हता."

तुळजाबाईंनी तिथंच फोन लावला. "नंदा, फोन ठेवू नको गं, ऐक. कावळा सापडला. चष्मेवाला हाय." पलीकडून बराच वेळ हसण्याचा आवाज येत राहिला. तुळजाबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "चुकले गं मी. उद्या वाटी घेऊन येते."

कल्याण धोतराकडं बघत राहिला. माळ्यावरच्या त्या मोठ्या चेहऱ्यात वडील नुसते कॅमेऱ्याकडं बघत होते. इथं त्यांची भूक होती, चोरी होती, दुपारची झोप होती. त्याला एकदम वडिलांची फार माया आली.

काकासाहेब खिशात मोबाइल चाचपत म्हणाले, "मामाला सांगतो, जागा करू नको म्हणून." मग त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि पुन्हा घातला. "पर पुढच्या बारीला सरळ तोंडाचाच फोटू काढ बाबा. त्यात निदान तोंडात काय व्हतं ते तर दिसत न्हाई."

कल्याणला त्यातलं ‘पुढच्या बारीला’ एवढंच ऐकू आलं.