चालण्याचा पुरावा

वडिलांची पँट कमरेवर ठरेना. घरातला टेबलपंखा जळाला. बायकोने वजनकाटा पलंगाखाली सरकवला. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहून चष्मा पुसला.

या चारही घटनांच्या मुळाशी आमच्या ऑफिसची आरोग्य योजना होती. मनगटावर पट्टा बांधायचा, पट्टा पावलं मोजणार आणि जो चालेल त्यालाच बढती. बढतीसोबत केबिन आणि चाकं लावलेली खुर्ची. पाणी प्यायलासुद्धा उठायला नको. त्या खुर्चीवर माझा फार दिवसांपासून डोळा होता.

पहिल्या आठवड्यात मी पट्टा टेबलपंख्याला बांधला. पंखा मान हलवत माझ्या वतीने चालला आणि अतिश्रमाने गेला. त्याच्या रिक्त जागी वडिलांची नियुक्ती करण्यात आली. वडील निवृत्त पोस्टमन. बसलं की त्यांचे पाय दुखतात.

"बाबा, हा पट्टा घालून फिरत जा."

"कशाला?"

"माझ्या तब्येतीसाठी."

"अरे, मग तूच का नाही..."

"वेळ कुठंय, बाबा," म्हणत मी कुशीवर वळलो.

बाबा फिरत राहिले, बारीक होत गेले. मी चालण्यात ऑफिसात पहिला आलो आणि शर्टाची बटणं एकेक करून राजीनामे देऊ लागली. आरोग्य समितीला चिंता वाटली. इतका चालणारा माणूस फुगतो, म्हणजे दोष एकतर माणसात, नाहीतर योजनेत. योजना वरून मंजूर झालेली होती. त्यामुळे मला डॉक्टरांकडे पाठवलं. बायको सोबत आली.

डॉक्टरांनी पट्ट्यातली पावलं पाहिली, मला पाहिलं, पुन्हा पावलं पाहिली. "चालणं तुम्हाला मानवत नाही," ते म्हणाले.

"आता तरी खरं सांगा," बायको पुटपुटली.

माझ्या डोळ्यांपुढे खुर्ची आली. "लहानपणापासूनच मानवत नाही," मी सांगितलं.

समितीने तातडीने निष्कर्ष काढला : चालण्याने वजन वाढते. योजना मागे न घेता उलटी करण्यात आली. आता जो कमी चालेल त्याला बढती, आणि मार्गदर्शक म्हणून पहिली मला. परिपत्रक सर्वांनी बसून वाचलं. तुम्हीही हे बसूनच वाचत असाल, तेव्हा हसू नका.

पट्टा आता प्रामाणिकपणे माझ्या मनगटावर यायला हरकत नव्हती. फक्त तो पुरेना.

"मग माझ्या चालण्याचं काय?" पट्टा काढून देताना बाबांनी विचारलं.

"चाला की. पण आता मोजणार कोणी नाही."

"पत्रं वाटायचो तेव्हा कोण मोजत होतं," म्हणत त्यांनी चपला घातल्या.

डॉक्टरांचा दवाखाना आमच्या घरासमोर आहे. त्या दिवशी आम्ही गाडीने गेलो होतो.