उजव्या कानाचा भाव

डावा कान

डाव्या कानात ढोल वाजत होता. असा, की पोटातला चहा डुचमळावा. उजव्या कानात मात्र त्याच गाण्यातली एक माशी गुणगुणत होती.

रोझलिनने मोबाइल बंद करून पुन्हा लावला. तीच माशी. मेमरी कार्डावर गाणी भरून मिळायची, तेव्हाची ही गोष्ट. वसई स्टेशनबाहेरच्या टपरीवरून तिने कानात घुसणारे स्वस्तातले हेडफोन घेतले होते. टपरीवाला म्हणाला होता, "मावशी, याचा बेस ऐका, महागडे फेकून द्याल." महागडे तिच्याकडे नव्हतेच, पण बेस खरा निघाला. म्हावरा विकून आली की ती खाटेवर पाय पसरायची, रबरी टोप्या कानांत कोंबायची आणि लग्नाची अख्खी वरात डोक्यात शिरायची.

आज वरात अर्धीच आली. हेडफोन काढले तरी उजवीकडचं जग पाण्याखाली. नवरा फ्रेडरिक त्या बाजूने काहीतरी विचारत होता. नुसते ओठ हलत होते.

तिची आई याच वयात बहिरी झाली होती. पाचूबंदरच्या धक्क्यावर लिलाव पुकारणारी बाई. बोल्या ऐकू येईनात तशी बोटवाल्यांनी दुसरीला उभं केलं. पुढचं आयुष्य ती सुके बोंबील निवडत बसली. आता दिनानाथच्या बोटीवरच्या मासळीचा लिलाव रोझलिन पुकारायची, ऑगस्टीनच्या बोटीवरचा फ्लॉसी. आणि फ्लॉसीचा डोळा दोन्ही बोटींवर होता.

फ्रेडरिकला काही न सांगता रोझलिनने हेडफोन उशीखाली ढकलले.

उजवा कान

सकाळी कोळंबीची पहिली टोपली आली. भोवती बायकांचं कडं. रोझलिन पुकारू लागली, तर स्वतःचाच आवाज कवटीत घुमू लागला.

डावीकडून: "चारशे."

उजवीकडून: "…शे."

"चारशे," रोझलिन म्हणाली.

उजवीकडून: "…च…शे."

विचारावं, तर कान गेल्याचं उघडं पडणार. ती दगडासारखी समुद्राकडे बघत राहिली. उजवीकडच्या मंदाला वाटलं, आपला आकडा हिला हलका वाटतोय. ती मान पुढे काढून ओरडली, "सहाशे घे गो बाय, पन बग तरी माज्याकडं."

सहाशे ऐकू आलं. टोपली मंदाला गेली. पुढच्या टोपल्यांचंही तेच. रोझलिन भीतीने जितकी गप्प, तितक्या उजवीकडच्या बायका चढत गेल्या.

तेवढ्यात तिला दिसलं, की दिनानाथ तिच्याकडे बोट दाखवून ऑगस्टीनशी बोलतोय. तेही उजवीकडेच.

"…द्यापासून… …लॉसी… …कार…"

संपलं. रोझलिनच्या नाकात सुक्या बोंबलांचा वास भरला.

दोन्ही कान

त्याच दुपारी पापडी गावातल्या डॉक्टरांना तिने आईपासून सगळं सांगितलं. सांगताना हुंदका आवरेना. डॉक्टर बॅटरी लावून कानात बराच वेळ बघत राहिले. तेवढ्या वेळात तिने आपल्याला बोंबील निवडताना पाहून घेतलं.

"मशीन लावाय लागंल काय?"

"चिमटा पुरे."

तिच्या तळहातावर एक छोटी काळी रबरी टोपी पडली. आधी कधीतरी हेडफोन ओढून काढताना टोपी आतच राहिली होती. उजवीकडचा बेसही त्या टोपीबरोबर गेला होता. ही हकीकत हसत हसत फ्रेडरिकने संध्याकाळच्या आत अख्ख्या कोळीवाड्याला ऐकवली.

दुसऱ्या दिवशी रोझलिनला धक्क्यावरचं सगळं लख्ख ऐकू येत होतं. कावळे, वारा, मंदाने तोंडातल्या तोंडात पुटपुटलेलं "चारशे"सुद्धा.

"चारशे," रोझलिन आनंदाने म्हणाली. टोपल्या पटापट गेल्या. स्वस्तात गेल्या.

दिनानाथ तोंड पाडून जवळ आला. "काल मी ऑगस्टीनला बोललो, उद्यापासून फ्लॉसीला पन हिच्यासारखाच पुकारायला सांग. आनि आज तू हे काय लावलं?"

तोच धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला गलका उठला. ऑगस्टीनच्या टोपल्यांभोवती बायका एकमेकींवर बोली चढवत, गळा फोडून आकडे ओरडत होत्या. मधोमध फ्लॉसी समुद्राकडे बघत निश्चल उभी होती. तिच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे होते.